टेकडीची तयारी

“हात लावायचा न्हाई मांडीला,” पप्पा म्हणाले. “नुसत्या पायावर ऊठ.”

पाण्याच्या टाकीमागच्या उतारावर रणू मांडी घालून बसला होता. त्यानं दोन्ही हात हवेत धरले, पुढं झुकून जोर लावला आणि पुन्हा बुडावर आपटला. मग तो हसला. पप्पा हसले नाहीत.

“परत.”

दुसऱ्यांदा त्यानं पप्पांची नजर चुकवली. आधी ओणवा झाला, तळवे मातीत रोवले, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावरून शिडी चढल्यासारखा चढत उभा राहिला.

“लबाडी केलीस. पण उठलास,” पप्पा म्हणाले. “आता त्या बाभळीला शिवून ये. पळत.”

रणूचं पळणं म्हणजे पोट पुढं काढून, टाचा न टेकवता, दोन्ही अंगांना हेलकावे खात जाणं. वर्गातली मुलं त्याला बदक म्हणायची. तो बाभळीपर्यंत पोचला, खोडाला धरून दम खाल्ला आणि तिथूनच ओरडला, “ताई, पाणी तयार ठेव!”

मी टाकीच्या कट्ट्यावर पाण्याची बाटली आणि भूमितीचं पुस्तक घेऊन बसले होते. मी दहावीत होते, तो पाचवीत. आम्ही तेव्हा विट्यात राहायचो. संक्रांत नुकतीच झाली होती आणि महिनाअखेरच्या शनिवारी रणूच्या वर्गाची सहल भैरोबाच्या टेकडीवर जायची होती.

सहल म्हणावी असंही त्यात काही नव्हतं. टेकडी गावाला लागूनच. वनखात्यानं तिला कुंपण घालून झाडं लावली होती आणि फाटकापासून वरच्या दगडी टाक्यापर्यंत रुंद पायवाट केली होती. गावातल्या म्हाताऱ्या बायका सकाळी ती वाट गप्पा मारत चढून यायच्या. मुलांनी डबा, पाणी आणि टोपी घेऊन यायचं, टाक्यापाशी जेवायचं, झाडांची नावं लिहायची आणि परत. पण रणू आदल्या वर्षी कुठल्याच सहलीला गेला नव्हता. तेव्हा तो सारखा पडायला लागला होता. या वेळी तो घरी आला तोच नाचत. नाचता येत नव्हतं तरी.

पप्पा वीज मंडळात वायरमन होते. तरुणपणी खो-खो खेळायचे. त्यांचं नाव सातारा-सांगलीपर्यंत माहीत होतं, खेळाच्या जोरावरच नोकरी लागलेली. हणमंत मोहिते खांबाजवळ असला की पळणारा गडी वाचत नाही, असं लोक म्हणायचे. पुढं मैदानावरचा खांब सुटला आणि विजेचा खांब आला. पाय मात्र तेच होते, दोरीसारखे पिळलेले. माणसाचं सगळं पायात असतं, असं त्यांचं मत होतं. आणि रणूच्या पोटऱ्यांवर त्यांचा फार जीव. त्या वयाच्या मानानं त्या चांगल्या जाड आणि टणक होत्या. कुणी पाहुणा आला की पप्पा रणूला पुढं ओढायचे आणि चड्डीखालच्या पोटरीवर थाप मारायचे. “बघा! बापावर गेलाय. जरा आळशी हाय, एवढंच.”

आई त्या वेळी आत निघून जायची. चहा ठेवायला जाते, असं मला वाटायचं.

सहलीची चिठ्ठी आली त्याच आठवड्यात रणूच्या निगडेबाई घरी आल्या. खुर्चीच्या कडेला बसून पदराशी चाळा करत राहिल्या.

“मोहितेसाहेब, रणजितला आणू नका असं मी म्हणत नाही,” त्या म्हणाल्या. “पण मागच्या बाजूनं टाक्यापर्यंत वनखात्याची जीप जाते. मी त्यांना विचारलंय. तो जीपनं वर येईल. आमच्याबरोबरच जेवेल.”

“कशापायी?” पप्पांनी विचारलं.

“त्याला जमणार नाही हो. परवा प्रार्थनेच्या वेळी उभ्या उभ्या पडला तो.”

“सवय न्हाई म्हणून पडतो. बाई, तुमच्या वर्गात पोरं किती?”

“बेचाळीस.”

“एकेचाळीस पोरं चालत जाणार आन माझं जीपनं? ते चालतच येईल. तुम्ही बघाच.”

बाईंनी आईकडं पाहिलं. आईनं मान खाली घातली. “चहा घेतलाच नाही तुम्ही,” एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून तालीम सुरू झाली. पप्पा पूर्वी काळोख पडल्याशिवाय घरी येत नसत. ड्यूटी संपली की मित्रांबरोबर मैदानावर, नाहीतर चौकात. आता ते चार-साडेचारला दारात हजर. सायकलच्या दांडीवर रणू, मागच्या कॅरिअरवर मी, आणि आम्ही टाकीकडं. जाताना पप्पा जुन्या सामन्यांच्या गोष्टी सांगायचे. कुठल्या गड्याला कसं झुलवलं, पायात काच घुसली तरी सूर कसा मारला. रणूला ती सगळी नावं पाठ झाली. तो मध्येच विचारायचा, “आणि मग बारामतीचा तो उंच गडी?” आणि पप्पा सायकल थांबवून, पाय टेकून, सबंध खेळ पुन्हा सांगायचे. मी पप्पांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

तालमीत मात्र ते कडक. उठाबशा, उतार चढणं, बाभळीला शिवून येणं. रणू रोज दमायचा आणि रोज दुसऱ्या दिवशी तयार व्हायचा. रात्री आई त्याचे पाय तेलानं चोळायची. एकदा म्हणाली, “अहो, आज राहू द्या. कणकण आहे त्याला.” पप्पांनी त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. “कणकण न्हाई, काय न्हाई. तूच त्याला मऊ करून ठिवलंस.” आणखी एकदा तिनं त्याचे बूटच लपवून ठेवले होते. सहलीसाठी मुद्दाम आणलेले निळे कॅनव्हासचे बूट. रणूनंच ते शोधून काढले आणि तिच्यापुढं धरले. “आई, बांध ना.” तिनं बांधले. नाडी बांधायला तिला फार वेळ लागला.

सहलीच्या आधीच्या रविवारी पप्पांनी ठरवलं, प्रत्यक्ष टेकडीवरच जायचं. अख्खी वाट एकदा चालून बघायची. आई म्हणाली, “मीही येते.” ती कधी फिरायला यायची नाही. पण पप्पा खूश झाले. “चला. सगळंच घर हाय म्हणजे.”

सकाळी आम्ही फाटकातून आत शिरलो. ऊन कोवळं होतं. पहिला टप्पा सपाटच, दोन्ही बाजूंना शिसम आणि कडुनिंब. रणू पुढं, त्याच्या मागं पप्पा, मग मी, शेवटी आई. रणू झाडांवरच्या नावांच्या पाट्या वाचत चालला होता. पाट्यांपाशी थांबलं की थोडा दम खाता येतो, हे त्याला कळलेलं होतं. पप्पांना ते कळत होतं की नाही, कुणास ठाऊक. ते म्हणायचे, “वाच, वाच. ही पण वाच.”

पहिल्या वळणानंतर चढ लागला. चढ कसला, सायकल हातात धरून सहज नेता येईल एवढा. पण रणूचं डोलणं वाढलं. त्यानं पप्पांचं बोट धरायला हात मागं केला. पप्पांनी हात पाठीशी बांधले.

“आपलं आपण.”

तो आणखी थोडं चालला. मग एका लहानशा दगडावर त्याचा पाय मुडपला आणि तो गुडघ्यांवर आला. रडला नाही. ओणवा झाला, तळवे टेकले, एक हात गुडघ्यावर ठेवला. तो हात घसरला. पुन्हा ठेवला. पुन्हा घसरला.

“ऊठ, लेका. एक वळण राहिलंय.”

“उठतोय, पप्पा.”

“उठतोय म्हणून उठत न्हाई कोण. जोर लाव.”

रणूचे दंड थरथरत होते. वरून दोन बायका खाली येत होत्या. त्या आमच्याजवळून जाताना गप्प झाल्या आणि पुढं गेल्यावर त्यांनी मागं वळून पाहिलं. पप्पांच्या चेहऱ्यावर रक्त चढलं. त्यांनी पुढं होऊन रणूच्या दोन्ही काखेत हात घातले आणि त्याला वर खेचलं. पण रणूचे खांदे कानापर्यंत वर गेले आणि तो, ओला कपडा निसटावा तसा, त्यांच्या हातांतून खाली सरकला.

“सोंग करतंय!” पप्पा ओरडले. “एवढ्या पोटऱ्या घेऊन सोंग करतंय!”

“ओरडू नका त्याला.”

आईचा आवाज मला ओळखूच आला नाही. ती रणूच्या आणि पप्पांच्या मध्ये येऊन उभी राहिली होती.

“तू सर बाजूला, मालन.”

“नाही सरणार. इकडं या. मला बोलायचंय.” मग माझ्याकडं न बघता ती म्हणाली, “वैजू, त्याच्यापाशी बस.”

ती पप्पांच्या दंडाला धरून त्यांना वाटेवरून खाली, एका कडुनिंबापाशी घेऊन गेली. चारचौघांत तिनं पप्पांना असं धरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्यांना वाटलं ते लांब गेलेत. पण टेकडीवर वारा खालून वर येतो.

“मे महिन्यात मी माहेरी गेले होते, तेव्हा तानाजीदादा आणि मी ह्याला मिरजेला घेऊन गेलो होतो,” आई म्हणत होती. “मोठ्या डॉक्टरांकडं. अशक्तपणाचं टॉनिक आणायला गेलो होतो असं मी सांगितलं तुम्हाला. ते खोटं होतं. त्यांनी रक्त तपासलं, मांडीचा तुकडा काढून तपासला. स्नायूंचा आजार आहे त्याला. जन्मापासूनचा. ते झिजत जाणार. ह्याच्यावर औषध नाही.”

“कोण म्हणतं?”

“आणि त्या पोटऱ्या मजबूत नाहीत हो. आतलं मांस जातंय आणि तिथं चरबी भरतेय. म्हणून जाड दिसतात.”

पप्पांनी वळून वर रणूच्या पायांकडं पाहिलं.

“दमवायचं नाही म्हणालेत. दमवलं तर जे आहे तेही लवकर जाईल.”

“मे महिन्यात,” पप्पा म्हणाले. “आन मला आज सांगतीस? रोज त्याला उठाबशा काढायला लावल्या मी. रोज! तोंड शिवलं व्हतं तुझं?”

“तुम्ही खांबावर चढता,” आई म्हणाली.

“त्याचं काय?”

“मनात हे घेऊन वर चढला असता. तारांत हात घालता तुम्ही. एक क्षण लक्ष गेलं तर...” तिनं पदरानं तोंड पुसलं. “रोज सकाळी ठरवायची, आज सांगते. आणि तुम्ही पट्टा कमरेला लावून निघायचा.”

मी रणूकडं बघायचं टाळत होते. तो पाय पसरून बसला होता आणि बुटातला खडा काढत होता.

“ताई,” तो हळूच म्हणाला, “मला माहीत होतं.”

“काय माहीत होतं?”

“मला चालता येणार नाही ते. डॉक्टर तानाजीमामाला सांगत होते तेव्हा मी तिथंच पलंगावर होतो. मी डोळे मिटले होते, तर त्यांना वाटलं झोपलाय.”

“मग रोज उठाबशा कशाला काढायचास? सांगायचं नाही का पप्पांना?”

त्यानं खडा नीट न्याहाळला आणि टाकून दिला.

“पप्पा लवकर घरी यायचे ना,” तो म्हणाला. “गोष्टी सांगायचे.”

मी त्याच्या बुटाची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधली.

“पुढचं मात्र नाही कळलं मला,” तो म्हणाला. “पुढचं ते इंग्रजीत बोलले.”

पप्पा वर आले. त्यांचे डोळे कोरडे होते, पण चेहरा उन्हात फार वेळ राहिलेल्या माणसासारखा झाला होता. ते रणूसमोर पाठ करून उकिडवे बसले.

“चढ पाठीवर.”

“नको पप्पा. थोडं बसलं की येतंय मला.”

“लई चाललास. आता माझी पाळी.”

मी आणि आईनं मिळून त्याला पप्पांच्या पाठीवर दिलं. आम्ही घरी परत फिरू असं मला वाटलं होतं, पण रणू त्यांच्या कानाशी काहीतरी बोलला आणि पप्पा वरच चालू लागले. टाक्यापाशी पोचलो तेव्हा तिथं कुणी नव्हतं. खडकात कोरलेलं चौकोनी टाकं, हिरवट पाणी, कडेला पिंपळ. पप्पांनी रणूला काठावर बसवलं आणि स्वतः त्याच्यामागं, दोन्ही बाजूंना पाय टाकून, त्याला टेकवून घेऊन बसले. आईनं धपाटी आणि दही काढलं. पप्पांनी एक घास घेतला आणि तो चावतच राहिले. रणूनं मात्र पोटभर खाल्लं. “पाण्यात कासव आहे,” असं तो सांगत होता. आम्हाला कुणाला ते दिसलं नाही. तरी आम्ही सगळे “हो, हो” म्हणालो.

शनिवारी सकाळी वर्गाची रांग आमच्याच गल्लीतून गेली. निगडेबाईंनी जीपचं पुन्हा विचारलं होतं. पप्पाही म्हणाले होते, “मी पाठीवर घिऊन जातो.” रणूच नको म्हणाला. सगळ्यांसमोर पाठीवर नको. तो आंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसला. रांग आली तसा गलका झाला.

“रण्या, येत नाहीस?”

“माझं बघून झालंय,” रणू म्हणाला. “दुसऱ्या वळणाआधी बारके दगड आहेत, तिथं जपून जावा. आणि टाक्यात कासव आहे. पिंपळाच्या बाजूला बघायचं.”

“खरंच?”

“मग काय!”

बाईंनी त्याच्या टोपीवर हात ठेवला आणि पटकन पुढं झाल्या. रांग गेली. शेवटचा मुलगा वळणाआड होईपर्यंत रणू हात हलवत होता. पप्पा ड्यूटीचे कपडे घालून दाराच्या आत, भिंतीला पाठ लावून उभे होते. बाहेर यायचं त्यांना जमलं नाही.

पुढच्या महिन्यात त्यांनी साहेबांना अर्ज केला आणि लाइनवरून उपकेंद्रात बदली मागून घेतली. खात्यातली माणसं हसली. हणमा भ्याला, म्हणाली. मित्रांनी घरी येऊन विचारलं तेव्हा पप्पा म्हणाले, “वय झालं आता.” ते तेव्हा चाळिशीतही नव्हते. आईनं त्यांच्या पुढ्यात चहा ठेवला. त्या रात्रीपासून तिला झोप लागायला लागली, असं तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं.

वर्षभरात रणूचं चालणं थांबलं. मग चाकाची खुर्ची आली. सकाळी उचलून न्हाणीत, तिथून खुर्चीत, खुर्चीतून शाळेत, संध्याकाळी ओट्यावर, रात्री अंथरुणात. हे सगळं पप्पांनी केलं. त्यांनी दुसऱ्या कुणाला त्याला उचलू दिलं नाही. ड्यूटी संपली की ते सरळ घरी यायचे. मी कॉलेजला गेले तेव्हा आईनं मला डॉक्टरांचं ते इंग्रजीतलं सांगितलं. तेव्हापासून आम्हा तिघांना माहीत होतं, आणि रणूला माहीत नाही असं आम्ही तिघं धरून चाललो होतो.

रणू एकोणिसाव्या वर्षी गेला. पावसाळ्यात छातीत कफ झाला आणि श्वास पुरेनासा झाला. फार त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते खरं असेल असं मी धरते.

पण तो आठवीत होता तेव्हाची एक दुपार आहे. मी सुट्टीला घरी आले होते. तो खुर्चीत बसून इंग्रजीचा धडा वाचत होता, मी त्याची पानं उलटत होते. हातही तोवर दुबळे पडायला लागले होते. एका ठिकाणी तो थांबला.

“ताई, बियॉन्ड म्हणजे पलीकडं ना?”

“हो. पलीकडं. पुढं.”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मग म्हणाला, “मिरजेचे डॉक्टर मामाला म्हणाले होते, नॉट बियॉन्ड ट्वेंटी. नॉट आणि ट्वेंटी मला तेव्हाही येत होतं. मधलं येत नव्हतं. मला वाटलं बियाण्याचं काहीतरी बोलतायत.”

मी वाचून न झालेलं पान उलटलं. काहीतरी खोटं बोलायला हवं होतं.

“पप्पांना सांगू नकोस,” रणू म्हणाला. “मला कळलंय म्हणून.”

बाहेर सायकल लावल्याचा आवाज आला. पप्पा आत आले, पायावर पाणी घेतलं, टॉवेलला हात पुसत आमच्याकडं बघितलं.

“काय गुपित चाललंय भावाबहिणीचं?”

“काही नाही,” रणू म्हणाला. “ओट्यावर न्या मला. आणि तो बारामतीचा उंच गडी परत सांगा.”

पप्पांनी वाकून एक हात त्याच्या गुडघ्यांखाली घातला, एक पाठीमागं, आणि त्याला उचललं.